माहिती अधिकारात भरमसाट शुल्क मागितलं, तर काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माहिती अधिकाराचे अर्ज मी २००६ पासून टाइप करून देतो आहे. अर्ज देऊन गेलेला माणूस महिन्याभरात पुन्हा दुकानात येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात एकाच प्रकारचं पत्र असतं: 'आपण मागितलेल्या माहितीसाठी रु. ३,५००/- या कार्यालयात भरणा करावेत.' पुढे काही नाही. माणूस विचारतो, 'भरू का सोडून देऊ?' गावच्या रस्त्याचं बिल बघायला साडेतीन हजार कोण भरणार? बहुतेक जण सोडून देतात आणि रस्त्याचं बिल कपाटातच राहतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण दहातल्या सात-आठ पत्रांत चूक असते आणि ती दुरुस्त करायला वकीलही लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

इथे लिहिलेलं सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती, पंचायत समित्या, नगरपंचायती, नगरपरिषदा आणि महापालिकांबद्दल आहे. गोव्यात किंवा कर्नाटकात राहणाऱ्यांनी दर आपापल्या राज्याच्या नियमात पाहावेत. मूळ कायदा, म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम २००५, सगळीकडे एकच आहे.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पैसे भरण्याआधी थांबा.

पत्रात नुसती रक्कम आहे, पानं किती ते लिहिलेलं नाही. किंवा 'अंदाजे' असा शब्द आहे.

पानाला ५ किंवा १० रुपये लावलेत आणि कारण दिलंय 'मासिक सभेच्या ठरावानुसार'.

शोध शुल्क, कर्मचाऱ्याचा वेळ, साक्षांकन शुल्क, जीएसटी असं काहीतरी जोडलंय.

पत्र तीस दिवस उलटल्यावर आलंय. किंवा पत्रावरची तारीख मुदतीतली आहे, पण पाकिटावरचा टपालाचा शिक्का नंतरचा आहे.

पत्रच नाही, तोंडी सांगितलंय. पैसे घेतले, पण पावती दिली नाही.

एकदा पैसे भरले, मग 'आणखी पानं निघाली' म्हणून दुसरं पत्र आलं.

अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा आहे, तरी शुल्क मागितलंय.

आता तपासण्या. ज्यात खर्च नाही त्या आधी घेतल्या आहेत.

ही माहिती आधीच उघडी आहे का?

हे पहिलं बघा, कारण यात भांडणच उरत नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा किती निधी आला, कोणत्या कामावर किती खर्च पडला, आराखड्यात काय होतं, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवरसुद्धा दिसतं. मोठ्या निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावर असतात. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्यं, अंदाजपत्रक, योजनांचे लाभार्थी वगैरे सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात.

पोर्टलवर कामाचं नाव आणि रक्कम मिळाली की अर्ज नेमका करता येतो. 'गावातल्या सर्व रस्त्यांची माहिती' असं मागण्याऐवजी एका कामाचं नाव घालून 'मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक आणि काम पूर्णत्वाचा दाखला' एवढंच मागितलं की पानं शेकड्यांवरून वीस-पंचवीसवर येतात. शुल्काचं अर्धं भांडण अर्जाच्या शब्दांतच मिटतं, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांपर्यंतचा असावा असा नियमही आहे, म्हणजे नेमकं लिहिण्याची सवय तशीही लागतेच.

तारखा जुळतात का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. अर्जाची पोच, म्हणजे आवक शिक्का मारलेली तुमची प्रत, समोर ठेवा. स्पीड पोस्टने पाठवला असेल तर ट्रॅकिंगमधली पोहोचल्याची तारीख घ्या. तिथून तीस दिवस मोजा.

कलम ७(६) सांगतं की मुदतीत माहिती दिली नाही, तर ती विनामूल्य द्यावी लागते. शुल्काचं पत्र तीस दिवसांच्या आत रवाना झालेलं असेल, तरच जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे त्या कार्यालयात अर्जाचं उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला, ते शुल्क मागता येतं. एक उदाहरण घेऊ. अर्ज ३ जूनला पोहोचला, म्हणजे मुदत ३ जुलैपर्यंत. पत्रावर तारीख १ जुलै, पण पाकिटावरचा शिक्का ९ जुलैचा. कायदा पत्र पाठवल्याची तारीख धरतो, लिहिल्याची नाही. म्हणून ते पाकीट कधीही फाडून टाकू नका. मी लोकांना सांगतो, पत्रापेक्षा पाकीट जपा. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत निव्वळ पाकिटावरच्या शिक्क्याने सुटलेली प्रकरणं बरीच आहेत.

दोन अपवाद लक्षात ठेवा. अर्ज सहायक माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर पाच दिवस वाढतात. आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल, तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. त्यामुळे आधी वर्ग केल्याचं पत्र आलंय का ते बघा.

मुदत उलटून पत्र आलं असेल तर पैसे भरू नका. साध्या कागदावर लिहा: 'माझा अर्ज अमुक तारखेस प्राप्त झाला. आपले शुल्काचे पत्र अमुक तारखेस टपालात पडले. कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य देय आहे, तरी ती द्यावी.' पाकिटाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.

गुणाकार करून बघा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जाचं शुल्क १० रुपये आणि नेहमीच्या आकाराच्या झेरॉक्स पानाला २ रुपये. टपालाने हवं असेल तर टपालखर्च वेगळा, हातोहात घेतलं तर तोही वाचतो.

पत्रातल्या रकमेला दोनने भागा. ३,५०० रुपये म्हणजे १,७५० पानं. अडीचशे मीटरच्या सिमेंट रस्त्याच्या फाइलमध्ये इतकी पानं असतील का? प्रश्न असा मनात उभा राहिला की पुढचा रस्ता दिसतो.

इथे एक गैरसमज काढायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ च्या निकालात म्हटलं की अर्जाचं शुल्क सर्वसाधारणपणे ५० रुपयांपेक्षा आणि प्रतीचं शुल्क पानाला ५ रुपयांपेक्षा जास्त नसावं. हा निकाल दाखवून 'कोर्टाने पाच रुपये सांगितलेत' असं लोकांना ऐकवलं जातं. ती वरची मर्यादा आहे. अनेक उच्च न्यायालयांनी आणि संस्थांनी भारी दर ठेवले होते, त्यांना घातलेली ती वेसण होती. ज्या राज्यात दर २ रुपये आहे तिथे तो २ रुपयेच राहतो.

दर कोणी ठरवला?

ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा ठराव दाखवला तर घाबरून जाऊ नका. या कायद्याखाली शुल्काचे नियम करण्याचा अधिकार कलम २७ प्रमाणे शासनाला आहे आणि कलम २८ प्रमाणे 'सक्षम प्राधिकाऱ्यां'ना. सक्षम प्राधिकारी म्हणजे सभागृहांचे अध्यक्ष-सभापती, मुख्य न्यायमूर्ती, राज्यपाल अशी मोजकी पदं. सरपंच, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी किंवा आयुक्त त्या यादीत नाहीत. त्यामुळे मासिक सभेने माहिती अधिकाराच्या प्रतीचा दर पानाला १० रुपये ठरवला, तरी तो ठराव तुमच्या अर्जाला लागू होत नाही.

शोध शुल्क आणि कर्मचाऱ्याच्या वेळेचे पैसे हेही नियमात नाहीत. रेकॉर्ड शोधणं हे कार्यालयाचं काम आहे आणि त्याचा पगार आधीच दिला जातो. साक्षांकनाचं वेगळं शुल्क नाही, कारण कलम २ मधल्या माहिती अधिकाराच्या व्याख्येतच प्रमाणित प्रती येतात. जीएसटीबद्दल तर वादच उरलेला नाही: माहिती अधिकाराखाली माहिती देण्याच्या सेवेला जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने स्पष्ट सूट दिली आहे.

एका बाबतीत मात्र कार्यालयाचं म्हणणं बरोबर असू शकतं. छापील प्रकाशन किंवा नकाशा, ज्याची किंमत विभागाने आधीच ठरवून ठेवली आहे, तो त्या किमतीलाच मिळतो. मोठ्या आकाराच्या नकाशाच्या प्रतीला प्रत्यक्ष येणारा खर्च लागतो. विकास आराखड्याचा रंगीत नकाशा दोन रुपयांत मागू नका. माझ्या दुकानातही तो दोन रुपयांत निघत नाही.

दारिद्र्यरेषेचा दाखला जोडला होता का?

कलम ७(५) प्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. पण अर्जासोबत पुरावा हवा. नुसत्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर अनेक कार्यालयं अडतात. म्हणून यादीतला क्रमांक असलेला दाखला जोडा. जोडायचा राहिला असेल तर आताही अर्ज करून देता येतो, नवा अर्ज लागत नाही. दुसऱ्याच्या नावाचा दाखला वापरून स्वतःसाठी ढीगभर प्रती मागणारेही भेटतात. मी त्यांचे अर्ज टाइप करत नाही. अशा अर्जांमुळे खऱ्या गरिबाकडेही संशयाने पाहिलं जातं.

हिशेब मागा

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे सुटतात. कलम ७(३) मध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. जादा शुल्क मागताना अधिकाऱ्याने ती रक्कम कशी काढली याचा हिशेब द्यायचा. आणि त्याच पत्रात, हे शुल्क मान्य नसेल तर कोणाकडे, किती दिवसांत, कशी दाद मागायची तेही सांगायचं. अपिलीय अधिकाऱ्याचं, म्हणजे पहिलं अपील ऐकणाऱ्या वरिष्ठाचं, पदनाम आणि पत्ता नसलेलं पत्र अर्धवट आहे.

एवढं लिहून द्या:

'आपले पत्र जावक क्र. ___ दि. ___ मिळाले. सदर पत्रात कलम ७(३) नुसार शुल्काचा हिशेब नमूद नाही. माझ्या अर्जातील प्रत्येक मुद्द्याखाली उपलब्ध असलेल्या कागदपत्रांचे नाव, पृष्ठसंख्या, प्रतिपृष्ठ दर व एकूण रक्कम कळवावी. तसेच प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता कळवावा. हिशेब मिळताच देय शुल्क भरण्यास मी तयार आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे अपिलात 'अर्जदारास माहिती नकोच होती, त्यांनी पैसेच भरले नाहीत' असं म्हणायला जागा राहत नाही.

हे पत्र का चालतं ते सांगतो. हिशेब द्यायचा तर कोणाला तरी फाइल काढून पानं मोजावी लागतात. बहुतेक वेळा मूळ आकडा फाइल न उघडताच टाकलेला असतो. पानं मोजली गेली की रक्कम आपोआप खाली येते. आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीने एका शेतकऱ्याला २,८०० रुपयांचं पत्र दिलं होतं. हे पत्र गेल्यावर आठ दिवसांत सुधारित पत्र आलं: ६३ पानं, १२६ रुपये. त्यात भांडण झालं नाही, कोणी आवाज चढवला नाही. ग्रामसेवक नंतर दुकानात येऊन म्हणाले, 'माझ्याकडे तीन गावं आहेत, मोजायला वेळच मिळाला नव्हता.' मला ते खरं वाटलं. म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्या पत्रातच कोणावर आरोप करू नका.

एक सावधगिरी घ्या. हिशेबाच्या पत्रव्यवहारामुळे अपिलाची मुदत थांबत नाही. शुल्काचं पहिलं पत्र मिळाल्यापासून तीस दिवस मोजत राहा. पंचवीसाव्या दिवसापर्यंत उत्तर नाही आलं तर अपील तयार ठेवा.

आधी फाइल बघा, मग पानं निवडा

पानं खरोखरच जास्त असतील, हिशेब बरोबर असेल आणि तरी रक्कम परवडत नसेल, तर भांडण्यासारखं काही नाही. ९०० पानांचे १,८०० रुपये हा बरोबर हिशेब आहे. पण इथेही वाट आहे आणि मला ती सगळ्यात आवडते.

कायद्याने माहितीच्या अधिकारात अभिलेख पाहणं, टिपणं काढणं, उतारे घेणं हे सगळं धरलं आहे. कार्यालयाला लिहून द्या की मला आधी अभिलेखाचं अवलोकन करायचं आहे, त्यानंतर हव्या त्या पानांच्या प्रती घेईन. पहिल्या तासाला शुल्क नाही, पुढच्या वेळेला नाममात्र आहे. दिवस आणि वेळ लेखी घ्या.

पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी नागरिकांना फाइली पाहू द्यायला सुरुवात केली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसेच निर्देश काढले: दर सोमवारी दुपारी ३ ते ५. तुमच्या कार्यालयात हे कसं चालतं ते आधी विचारून जा. ते चालत नसलं तरी अर्जाखालचं अवलोकन तुमच्या हक्काचं आहेच.

जाताना कोरी वही, पेन आणि चिकटपट्टीच्या छोट्या खुणा न्या. पानांवर पेनाने काही लिहू नका, पान काढू नका. फाइल उघडली की आधी पानांवरचे पृष्ठक्रमांक बघा. क्रमांक घातलेलेच नसतील तर ते वहीत लिहा आणि अधिकाऱ्याला सांगा. मग क्रमाने बघा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, प्रमाणक (व्हाउचर). ग्रामपंचायतीत नमुना ५ ची रोकडवही आणि त्या देयकाचं प्रमाणक जुळवून बघा. हव्या त्या पानांची यादी करा, खाली सही करा, अधिकाऱ्याची सही घ्या आणि तेवढ्याच प्रती मागा.

एका मावशींना पाणीपुरवठ्याच्या कामाचे ८२४ रुपये सांगितले होते, ४१२ पानांचे. हिशेब चोख होता. आम्ही अवलोकन मागितलं. पाऊण तासात लक्षात आलं की त्यातली तीनशेच्या वर पानं निविदेच्या छापील अटी-शर्ती होत्या. मावशींनी ३७ पानं निवडली. ७४ रुपये भरले, पावती घेतली. त्या ३७ पानांत त्यांना हवं ते सगळं होतं.

फाइल संगणकावरच असेल तर ईमेलने किंवा सीडीवर मागा. माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळणंही कायद्याच्या व्याख्येत आहे. कार्यालय कधी कलम ७(९) पुढे करतं, की मागितलेल्या स्वरूपात माहिती द्यायला साधनसामग्री फार लागेल. ते कलम स्वरूप बदलायची मुभा देतं. माहिती नाकारायची मुभा त्यातून मिळत नाही.

भरायचे की अडून बसायचं?

वाद तीस-चाळीस रुपयांचा असेल आणि माहिती लवकर हवी असेल, तर 'हरकत राखून' भरा. चलनासोबत किंवा पत्रात एक ओळ लिहा: 'सदर रक्कम मी माझी हरकत कायम ठेवून भरत आहे.' अपिलात परतावा मागता येतो. पावती मात्र घ्याच. ग्रामपंचायतीत ती नमुना ७ ची सामान्य पावती असते. पावती देत नसतील तर पैसे देऊ नका.

घड्याळही समजून घ्या. शुल्काचं पत्र निघालं त्या दिवशी तीस दिवसांची मोजणी थांबते आणि पैसे भरले की पुढे सुरू होते. पत्र विसाव्या दिवशी निघालं आणि तुम्ही पंधरा दिवसांनी पैसे भरलेत, तर त्यांच्या हातात उरलेले दहा दिवस आहेत. पैसे भरून पुन्हा तीस दिवस थांबायचं असतं असं सांगितलं जातं, ते चूक आहे.

काहीच न करता बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. पैसे भरले नाहीत, लेखी हरकत नाही, अपील नाही, तर 'अर्जदाराने शुल्क भरले नाही' असा शेरा मारून अर्ज दप्तरी दाखल होतो आणि तो शेरा खोटाही नसतो.

पहिलं अपील

हिशेब मिळाला नाही किंवा मिळाला पण चुकीचा आहे, तर पहिलं अपील. महाराष्ट्रात ते जोडपत्र 'ब' या ठरलेल्या नमुन्यात करायचं, त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मुदत तीस दिवस. कलम १९(१) प्रमाणे अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं आणि शुल्काच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलम ७(३) मध्येच लिहिला आहे, त्यामुळे 'अजून माहिती नाकारलेलीच नाही, अपील कसलं?' असं कोणी म्हटलं तर ही दोन्ही कलमं दाखवा.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत अपील पंचायत समितीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. नगरपरिषदेत आणि महापालिकेत विभागागणिक वेगळा अधिकारी असतो, कार्यालयातल्या फलकावर पदनाम लिहिलेलं असतं. अपिलात तीन-चार मुद्देच लिहा, तारखा ठळक लिहा, पाकिटाची प्रत जोडा. काय हवं ते नेमकं मागा: शुल्क नियमाप्रमाणे पुन्हा काढावं, किंवा कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी, भरलेली जादा रक्कम परत करावी. ग्रामपंचायतीतला सगळा भ्रष्टाचार अपिलात उलगडू नका. तो विषय वेगळा आहे आणि तो घुसला की शुल्काचा साधा मुद्दा बुडतो.

निर्णय तीस दिवसांत व्हायला हवा, कारणं नोंदवून फार तर पंचेचाळीस. सुनावणीला जा. शुल्क बरोबर होतं हे दाखवण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. मी बरोबर गेलेल्या सुनावण्यांत अपिलीय अधिकाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारलाय: 'पानं किती आहेत?' त्याचं उत्तर समोरच्याकडे नसेल, तर बाकी बोलायची गरज पडत नाही.

आयोगाकडे

पहिल्या अपिलातही न्याय झाला नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. आयोगाची खंडपीठं पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर, कोकण आणि बृहन्मुंबई अशी आहेत, मुख्यालय मुंबईत.

लोक इथे एक चूक करतात. कलम १८ खाली अवाजवी शुल्काची थेट तक्रार आयोगाकडे करता येते, हे वाचून ते अपील सोडून तक्रारच करतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं आहे की कलम १८ च्या तक्रारीत आयोग माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही, दंडाची कारवाई करू शकतो. माहिती हवी असेल तर कलम १९ चं अपीलच लागतं. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. तो शासनाकडे जमा होतो, अर्जदाराला मिळत नाही. अर्जदाराला झालेल्या नुकसानीची भरपाई कलम १९(८) खाली वेगळी मागावी लागते.

आयोगाकडे तारीख लागायला खूप काळ जातो, कधी वर्षाच्या वर. म्हणून माहिती निकडीची असेल तर दुसरं अपील चालू ठेवूनच अवलोकनाचा नवा, नेमका अर्ज टाका. कायदा त्याला आडकाठी करत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पावतीशिवाय पैसे मागितले, 'साहेबांचं बघावं लागेल' असं कानावर आलं, तर तो शुल्काचा वाद उरला नाही. तिथे अर्ज-अपिलाने काही होत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. पैसे देण्याआधी फोन करा, नंतर नाही.

धमकी आली, घरी कोणी आलं, शेताच्या बांधावर अडवलं, तर अर्ज बाजूला ठेवा. पोलिसांत लेखी तक्रार द्या, पोच घ्या, घरच्यांना सांगा आणि कार्यालयात एकटे जाऊ नका. या राज्यात माहिती मागितल्यामुळे माणसांचे जीव गेले आहेत. कोणतीही फाइल त्याहून मोठी नाही.

आयोगाचा आदेशही विरोधात गेला, तर पुढची पायरी उच्च न्यायालयात रिट याचिका आहे. ती स्वतः टाइप करून दाखल करण्याची गोष्ट नाही आणि मीही ती करून देत नाही. रक्कम काही शेकड्यांत असेल तर वकिलाचा खर्चच जास्त होईल, तेव्हा नेमका अर्ज नव्याने करणं बरं. पण तोच चुकीचा दर सगळ्या गावाला लावला जात असेल, किंवा किंमत ठरवून दिलेल्या नकाशांचा आणि अभिलेखांचा वाद असेल, तर माहिती अधिकाराची प्रकरणं चालवलेल्या वकिलालाच विचारा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं.

वकिलाकडे जाताना हे न्या: अर्जाची पोच, शुल्काचं पत्र पाकिटासह, तुमचं हिशेब मागणारं पत्र आणि त्याची पोच, भरलेल्या पैशांच्या पावत्या, अवलोकनाच्या दिवशी सही केलेली पानांची यादी, दोन्ही अपिलांचे आदेश. तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एका पानावर तारखांची यादी लिहा. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका, प्रती द्या.